घार, समुद्रगरुड की गिधाड? गोव्याच्या रस्त्यांवर पक्षी ओळखायला शिकताना

डिचोलीहून पणजीला जाताना रस्त्याकडेला कोणीतरी टाकलेला चिकनच्या कचऱ्याचा ढीग दिसतो, त्यावर आठ-दहा मोठे काळपट पक्षी गोल फिरत असतात आणि गाडीतला पाहुणा ओरडतो, “गिधाडं!” माझा भाचा पुण्याहून पहिल्यांदा आला तेव्हा हेच झालं. “मामा, थांबव ना गाडी, किती गिधाडं आहेत बघ!” मी थोडं पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली आणि एवढंच म्हटलं, “शेपटी बघ आणि मला सांग.” तो म्हणाला, “एवढ्या लांबून शेपटी काय दिसणार?” मिनिटभरात एक पक्षी वाऱ्यावर कलला आणि त्याची शेपटी उजेडात आली. मधोमध खाच, दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला. “मधे कापल्यासारखी आहे,” भाचा म्हणाला. घारी होत्या. सगळ्याच्या सगळ्या.

त्याचा जरा हिरमोड झाला. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने तीन वेगळे पक्षी स्वतः ओळखले, पुस्तक न उघडता. त्याला ज्या क्रमाने शिकवलं, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. दुर्बीण हातात घेऊन चार दिवस झालेल्यांसाठी आणि गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी.

आधी यादी छोटी करून टाकू. गोव्यात रस्त्याकडेला मेलेलं-सडलेलं खायला उतरणारे मोठे पक्षी मोजकेच आहेत. घार, ब्राह्मणी घार, डोमकावळा, आणि खाडी-समुद्राच्या जवळपास असाल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. गिधाड आता फार क्वचित. आणि भातशेतात उभा असलेला क्षत्रबलाक, म्हणजे एक मोठा करकोचा, जो गिधाड नाही पण नवख्याला हटकून गिधाड वाटतो. गावातल्या जुन्या माणसांशी बोलाल तर ‘घोण’ हा शब्द कानावर येईल. कोकणीत घारीला घोण म्हणतात, आणि पुष्कळदा घार, ब्राह्मणी घार, गरुड या सगळ्यांना मिळून तो एकच शब्द चालतो. त्यामुळे “इथे घोण येते” असं कोणी सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारायचा: तांबडी (म्हणजे ब्राह्मणी) की काळी?

थांबायचं कुठे आणि कधी

हे पक्षी ओळखण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आपले आतले रस्ते अरुंद, कडेला लगेच गटार नाहीतर शेत, आणि भाड्याच्या दुचाकीवर निघालेले पर्यटक मागून येत असतात. पुलावर, वळणावर, घाटात थांबू नका. पक्ष्याच्या अगदी समोर ब्रेक मारलात तर तो उडतोच. शंभर-दीडशे पावलं पुढे जा, रुंद जागा बघून गाडी लावा आणि शक्यतो गाडीतूनच पाहा. घारी माणसाला सरावलेल्या असतात, गाडीला तर त्या जुमानतच नाहीत.

सकाळी सात-आठला हे पक्षी बसलेले सापडतात. विजेचा खांब, माडाचा शेंडा, मोबाइलचा टॉवर. नऊनंतर जमीन तापते, गरम हवा वर चढायला लागते आणि घारी त्या हवेवर पंख न हलवता वर वर जातात. बसलेला पक्षी बारकाव्यांसाठी चांगला, उडणारा आकारासाठी. नव्याने शिकणाऱ्याने साडेनऊ ते अकराची वेळ धरावी. आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. दहा-बारा पटीची घेतलीत तर हात थरथरतो आणि फिरणारा पक्षी चौकटीत राहत नाही.

पहिलं माप कावळ्याचं

आकाशात एकटा पक्षी किती मोठा आहे हे कोणालाच कळत नाही, मलाही नाही. म्हणून सोबत माप शोधायचं, आणि ते माप आपल्याकडे कायम हजर असतं. जिथे सडकं असतं तिथे कावळे असतातच, आणि ते घारीच्या मागे लागलेलेही असतात. गावकावळा साधारण ४० सेंटिमीटर लांबीचा, मानेभोवती राखी. डोमकावळा त्याहून मोठा, अंगभर काळा, चोच जाड आणि कपाळाकडून एकदम उतरलेली, आवाज घोगरा. घार ६० सेंटिमीटरच्या आसपास आणि पंख पसरले की जवळजवळ दीड मीटर. ब्राह्मणी घार त्याहून लहान, पन्नासच्या आतबाहेर. समुद्रगरुड सत्तरच्या पुढे आणि त्याच्या पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास जातो. त्याच्या मागे कावळा लागला की कावळा एखाद्या चिमणीसारखा दिसतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढे माप काढावं लागत नाही.

शेपटी

एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

घारीची शेपटी खाचेची. ब्राह्मणी घारीची गोल. समुद्रगरुडाची आखूड आणि पाचरीसारखी, म्हणजे मधलं टोक पुढे आलेलं. तीन पक्षी, तीन शेपट्या.

पण एक अडचण आहे आणि ती पुस्तकात पटकन सापडत नाही. घारीने वळताना शेपटी पंख्यासारखी उघडली की खाच नाहीशी होते, मागची कड सरळ दिसते. पिसं झडण्याच्या दिवसांत तर ती कशीही विस्कटलेली असते. म्हणून एका नजरेवर निकाल द्यायचा नाही. पक्षी सरळ रेषेत जाऊ लागेपर्यंत थांबायचं, शेपटी मिटली की खाच परत येते. शिवाय घार ती शेपटी सुकाणूसारखी सतत वळवत राहते, कधी डावीकडे पिळून, कधी उजवीकडे. वाऱ्यात एका जागी तरंगत शेपटी अशी पिळत असलेला पक्षी दिसला, तर खाच दिसली नाही तरी मी बिनधास्त घार लिहितो.

ही गोष्ट जवळून बघायची असेल तर पणजीसमोरच्या मालीम जेटीवर सकाळी जा. मागच्या हिवाळ्यात तिथे एक घार माझ्यापासून दहा-बारा पावलांवर खांबावर बसली होती. ट्रॉलर नुकतेच रिकामे झाले होते, तिच्या उजव्या पायाखाली बांगड्याचं आतडं होतं. ती वाकून एक ओढ घ्यायची, मान वर करायची, चारी बाजू बघायची, मग पुन्हा वाकायची. डोळ्याच्या मागे काळसर डाग, जणू काजळ पसरलंय. पिसं एकरंगी तपकिरी वाटली होती, पण जवळून प्रत्येक पिसाची कड फिकट होती आणि छातीवर बारीक उभ्या रेघा. पाय एवढ्या मोठ्या पक्ष्याच्या मानाने बारीक. एक कावळा मागून आला आणि त्याने तिच्या शेपटीचं पीस ओढलं. तिने नुसते पंख अर्धे उघडले आणि थरथरती, बारीक शीळ घातली. आपण गरुडाची म्हणून जी डरकाळी मनात धरलेली असते, तिच्याशी त्या आवाजाचा काहीच संबंध नाही.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा जेटीवर हा सराव होत नाही. धुवाधार पावसात घारी तशाही कमी होतात. थंडीत मात्र उत्तरेकडून येणाऱ्या काळ्या कानाच्या घारी त्यांच्यात मिसळतात. त्या थोड्या मोठ्या असतात आणि पंखांच्या खालच्या बाजूला, मनगटाच्या (पंख मधोमध मोडतो त्या सांध्याच्या) पुढे, फिकट पांढरा डाग ठळक दिसतो. हा बारकावा दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

पंख कसे धरलेत

पक्षी तरंगत तुमच्याकडे समोरून येत असेल तेव्हा पंख बघा. समुद्रगरुड पंख वर उचलून धरतो, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. घारीचे पंख जवळपास सपाट, मनगटापाशी थोडे मोडलेले, टोकं किंचित खाली. गिधाडाचे पंख म्हणजे लांब-रुंद फळ्या, टोकाला बोटांसारखी पिसं फाकलेली, डोकं एवढंसं आणि शेपटी आखूड. गिधाड मिनिटं-मिनिटं पंख मारत नाही. घारीला तेवढा दम नाही, ती मधूनमधून दोन-चार हळू फटके मारतेच.

चोर्ला घाटात पंख उचलून धरणारा आणखी एक पक्षी भेटेल, सर्पगरुड. पण त्याच्या पंखांच्या मागच्या कडेला खालून रुंद पांढरा पट्टा असतो आणि तो ओरडतोही खूप. साप हे त्याचं मुख्य खाणं, म्हणून गाडीखाली मेलेल्या धामणीपाशी तो दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

उचललं कशाने

वर्तनावरून ओळखायची ही माझी आवडती खूण. कावळा चोचीने उचलतो. घार खाली झेपावते, न थांबता पायाने उचलते आणि पुष्कळदा उडता उडताच पाय पुढे आणून खाते. ब्राह्मणी घार पाण्याच्या पृष्ठभागावरून तरंगता मासा अशीच अलगद उचलते, पंखही भिजत नाहीत. गिधाड यातलं काहीच करत नाही. त्याच्या पायांत पकड नसते, ते काही उचलून नेऊ शकत नाही. ते जमिनीवर उतरतं, उड्या मारत मढ्याजवळ जातं आणि तिथेच बसून खातं. “गिधाडाने कोंबडी उचलून नेली” असं कोणी सांगितलं तर ती घार असावी किंवा शिकारी गरुड, गिधाड नाहीच.

रंग सगळ्यात शेवटी

नव्या माणसाची नजर आधी रंगाकडे जाते, आणि चुका तिथेच होतात. गोव्यातला उजेड इतका लख्ख असतो की आकाशासमोरचा प्रत्येक पक्षी काळा दिसतो. तो वळून त्याच्या पाठीवर ऊन पडेपर्यंत रंगाबद्दल काही बोलू नये.

पूर्ण वाढलेली ब्राह्मणी घार मात्र कोणीही ओळखेल. डोकं आणि छाती पांढरी स्वच्छ, बाकी अंग विटकरी तांबडं, पंखांची टोकं काळी. संस्कृतात हिला क्षेमंकरी म्हणतात. माझी आजी ही दिसली की काम थांबवून हात जोडायची, म्हणायची गरुडाचं दर्शन झालं, दिवस चांगला जाणार. रायबंदरचा जुना कॉजवे, म्हणजे पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला तो लांबलचक पूल, तिथून एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी. भरती ओसरताना तिथे ब्राह्मणी घार दिसली नाही, असं माझ्या बाबतीत फार कमी वेळा झालंय.

खरी कसोटी तिच्या पिल्लाची. वर्षभराची ब्राह्मणी घार तांबडी नसते, पांढरीही नसते. ती तपकिरी असते आणि थेट साध्या घारीसारखी दिसते. पहिली दोन वर्षं मी अशा कित्येक पक्ष्यांची नोंद घार म्हणून केली. नंतर एकदा करमळीच्या तळ्यावर एका जाणत्या पक्षीनिरीक्षकाने मला सलग अर्धा तास एकाच पक्ष्याकडे बघायला लावलं, तेव्हा चूक कळली. शेपटी गोल होती. पंख आखूड आणि रुंद. पंखाखाली टोकाकडे फिकट चौकोनी डाग. डोक्याचा रंग अंगापेक्षा उजळ. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या आणि ज्या नोंदींत शेपटीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं त्या सगळ्या खोडल्या. तेव्हापासून वहीत पहिला शब्द शेपटीचा लिहितो.

समुद्रगरुड आणि पांढरं गिधाड

ही गल्लत शिकलेले लोकही करतात. पांढरं गिधाड, ज्याला इजिप्शियन गिधाड म्हणतात, ते खालून पांढरं आणि पंखांची मागची अर्धी बाजू काळी. समुद्रगरुडही तसाच. दोघांची शेपटी पाचरीची. फरक असा: गिधाडाची शेपटी पूर्ण पांढरी, समुद्रगरुडाची बुडाशी काळी आणि टोकाकडे पांढरी. गिधाडाचा चेहरा पिवळा, उघडा, चोच सडपातळ. गरुडाचं डोकं पांढरं, भरलेलं, चोच जाड. आकारातही गिधाड लहान, घारीपेक्षा थोडंच मोठं. आणि ठिकाण बघा. बेतूल, शापोरा किंवा मोरजीजवळ समुद्रावर असा पक्षी दिसला तर तो समुद्रगरुडच असणार, हे धरून सुरुवात करा.

समुद्रगरुडाची जोडी उंच झाडावर काटक्यांचं अवाढव्य घरटं करते आणि वर्षानुवर्षं त्याच घरट्यात भर घालत राहते. असं झाड सापडलं तर त्याच्या खाली जाऊ नका आणि जागा गटागटांत पसरवू नका. फोटोसाठी गर्दी झाली की जोडी घरटं सोडू शकते.

शेतातला तो वाकलेला म्हातारा

भात कापून झाल्यावर कुडतरी, दिवाडी, करमळीच्या शेतात कधीतरी माणसाच्या छातीएवढा उंच पक्षी उभा दिसतो. मान आत ओढलेली, डोकं आणि मान जवळजवळ उघडी, पाठ काळी, पोट पांढरं. हा लहान क्षत्रबलाक. टक्कल बघून लोक गिधाड म्हणतात. पाय आणि चोच बघा: लांब पाय, आणि चोच केवढी तरी लांब-जाड. गिधाडाची चोच आकडीसारखी वळलेली असते. हा बेडूक-मासे खाणारा करकोचा, मेलेलं मिळालं तर तेही खातो.

आणि खरंच गिधाड असेल तर

माझे वडील सांगायचे, गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. ते दिवस माझ्या पिढीने पाहिले नाहीत. १९९० च्या दशकात देशभर गिधाडं मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरली. रोग असेल, अन्न संपलं असेल, असे अंदाज चालू होते. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून खरं कारण पुढे आलं: डायक्लोफेनॅक, गुरांना दुखण्यावर द्यायचं साधं औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं आणि काही दिवसांत ते मरतं. भारतात २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी गुरं असतील तर हे नाव डॉक्टरांना जरूर विचारा. दुर्बिणीपेक्षा या एका प्रश्नाचा गिधाडाला जास्त उपयोग होईल.

म्हणून गोव्यात गिधाड दिसणं ही बातमी आहे, आणि म्हणूनच घारीला गिधाड म्हणून नोंदवू नये. चुकीच्या चार नोंदी झाल्या की पाचवी खरी नोंदही कोणी मानत नाही. खात्री वाटत असेल तर फोटो काढा, अस्पष्ट चालेल, पण पंखांची खालची बाजू त्यात हवी. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पंखाखाली पुढची बाजू पांढरी, मागची काळी. लांब चोचीचं गिधाड अंगाने मातकट फिकं, पंखांची मागची पिसं गडद. वेळ, ठिकाण, किती होते, कोणत्या दिशेने गेले, खाली मढं होतं का, हे लिहा. पाठीवर किंवा पंखावर टॅग दिसला तर त्याचा रंग आणि आकडा टिपा. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचला आणली, त्यांना जीपीएस टॅग लावलेले आहेत, आणि गिधाड शेकडो किलोमीटर सहज जातं. नोंद ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टाका आणि वनखात्याला कळवा.

रस्त्यावरचं मढं आणि जखमी पक्षी

मेलेल्या मांजरावर, सापावर उतरलेली घार गाडीखाली सापडते, हे मी पाहिलंय. रस्ता मोकळा असेल आणि सुरक्षित असेल तरच काठीने ते मढं डांबरावरून कडेला सरकवा. हात लावू नका, मेलेल्या कुत्र्याला तर अजिबात नाही. पक्षी जवळ यावेत म्हणून चिकनची कातडी किंवा मासळी फेकू नका. त्यांना रस्त्याची सवय लागते.

घार जखमी दिसली तर मागून जाऊन अंगावर जाड टॉवेल टाका, डोकं झाका, पंख अंगाशी मिटवून धरा. धोका चोचीचा कमी, नखांचा जास्त, म्हणून पाय आधी ताब्यात घ्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून खोकं अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, खायला घालू नका. घरी ठेवून बरं करायला जाऊ नका, कायद्याने ते चालत नाही आणि पक्ष्यालाही ते मानवत नाही. लगेच वनखात्याला फोन करा, आणि पक्षी नेमका कुठे सापडला ती जागा सांगा. बरा झाल्यावर त्याला तिथेच सोडायचं असतं.